प्लास्टिकचं मैदान की खरं गवत? व्यावसायिक फुटबॉलमधली बंदी तुम्हाला पटते का?

सहावा_नंबर

नेदरलँड्सच्या सर्वोच्च लीगमध्ये, एरेडिव्हिजीत, २०२५-२६ च्या हंगामापासून कृत्रिम गवताला बंदी आली. सरकारने किंवा फिफाने लादलेली नाही, क्लबांनीच ठरवलं. स्कॉटलंडच्या प्रीमियरशिप क्लबांनीही २०२४ मध्ये मतदान करून २०२६-२७ पासून तेच करायचं नक्की केलं. तिथे किल्मार्नॉक आणि लिव्हिंग्स्टन वर्षानुवर्षं प्लास्टिकवर खेळत आलेत.

माझं मत आधीच सांगतो: सर्वोच्च पातळीवर मैदान गवताचंच हवं. प्लास्टिकवर चेंडूचा टप्पा वेगळा, घरंगळणं वेगळं, बूट वेगळे, आणि त्यामुळे बचावपटूचा निर्णयही वेगळा. गवतावर घसरून टॅकल करणारा खेळाडू प्लास्टिकवर दोनदा विचार करतो, कारण मांडी सोलून निघते. मधल्या फळीत खेळलेल्या माणसाला हा फरक पहिल्या पाच मिनिटांत जाणवतो.

शिवाय २०१५ ची गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. महिलांचा अख्खा विश्वचषक कॅनडात कृत्रिम गवतावर खेळवला. पुरुषांच्या विश्वचषकाचा एकही सामना आजवर पूर्णपणे कृत्रिम मैदानावर झालेला नाही. प्लास्टिक जर गवताइतकंच चांगलं असेल, तर ते पुरुषांना एकदाही का दिलं नाही?

तरीही प्रश्न उरतोच. जिथे गवत जगतच नाही तिथल्या क्लबांनी काय करायचं? सरसकट बंदी योग्य आहे का? सर्वांची मतं हवीत, विशेषतः दोन्हींवर खेळलेल्यांची.

वाचनमात्र_विंगर

जागा धरून ठेवतो. सावकाश लिहीन.

फ्योर्डकाठी

सहावा नंबर, सरसकट बंदीला माझा कडकडीत विरोध. मी बरीच वर्षं नॉर्वेत आहे.

बोडो हे गाव उत्तर ध्रुववृत्ताच्याही वर आहे. डिसेंबरात सूर्य दिसतच नाही असे दिवस असतात. गवताला उजेड लागतो, आणि तो इथे अर्धं वर्ष पुरेसा मिळत नाही. जमिनीखाली गरम पाण्याचे पाइप टाकून बर्फ वितळवता येतो, सूर्य कुठून आणणार? म्हणून नॉर्वेच्या पहिल्या श्रेणीतली बरीच मैदानं कृत्रिम आहेत. त्यात हौसेचा भाग नाही.

आणि या मैदानांवरच इथलं फुटबॉल उभं राहिलं. पूर्वी हिवाळ्यात मुलं चार-पाच महिने बंद हॉलमध्ये खेळायची. आता शाळा सुटली की दिवे लावून बर्फ बाजूला करतात आणि सुरू. ऑक्टोबर २०२१ मध्ये तिथल्या बोडो/ग्लिम्ट क्लबाने मोरिन्यो प्रशिक्षक असलेल्या इटलीच्या रोमाला ६-१ हरवलं, तेव्हा जो तो प्लास्टिकच्या नावाने बोटं मोडत होता. त्यानंतर दोनच आठवड्यांत रोममध्ये, गवतावर, त्याच दोन संघांत २-२ बरोबरी झाली. ती मात्र कुणाच्या लक्षात नाही.

जुनी_कात्रणं

फ्योर्डकाठी, त्याच हंगामातलं पुढचंही सांगा की. एप्रिल २०२२ मध्ये उपांत्यपूर्व फेरीत बोडोने घरी २-१ जिंकलं आणि रोममध्ये ०-४ हरले. घरच्या मैदानाचा फायदा नाही, हे कसं म्हणणार?

या वादाचा इतिहास मोठा आहे. इंग्लंडमध्ये क्वीन्स पार्क रेंजर्सने (क्यूपीआर) १९८१ मध्ये लॉफ्टस रोडवर पहिलं कृत्रिम मैदान टाकलं. तेव्हाचं ते मैदान म्हणजे जवळजवळ काँक्रीटवर अंथरलेलं जाजम. गोलकीपरने मारलेली किक टप्पा पडून पलीकडच्या गोलकीपरच्या डोक्यावरून जाईल की काय, अशी भीती. मागोमाग ल्यूटन, ओल्डहॅम आणि प्रेस्टन. क्यूपीआर दुसऱ्या श्रेणीत असताना १९८२ च्या एफए कपच्या अंतिम फेरीत पोहोचले. ल्यूटनने १९८८ मध्ये आर्सेनलला हरवून लीग कप जिंकला. ओल्डहॅम १९९० मध्ये लीग कपच्या अंतिम आणि एफए कपच्या उपांत्य फेरीत.

पाहुण्या संघांनी इतका आरडाओरडा केला की हळूहळू चारही मैदानं उखडली गेली. प्रेस्टनचं सर्वांत शेवटी, १९९४ मध्ये. इंग्लंडच्या व्यावसायिक लीगमध्ये तेव्हाचा नियम आजही पक्का आहे. २०२१ मध्ये सटन युनायटेड खालून चौथ्या श्रेणीत बढती मिळवून आले, तेव्हा त्यांना चांगलं चालणारं कृत्रिम मैदान काढून गवत लावावं लागलं. आदल्या वर्षी हॅरोगेटचंही तेच. त्यांच्या मैदानाचं काम सुरू असल्यामुळे पहिले घरचे सामने डॉन्कास्टरला खेळावे लागले.

फ्योर्डकाठी

सटनचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. छोट्या क्लबाचं मैदान आठवडाभर गावातली मुलं वापरतात, भाड्यातून क्लब चालतो. बढती मिळाल्याचं बक्षीस म्हणून ते उत्पन्न बंद!

घरच्या फायद्याबद्दल म्हणाल, तर मे २०२५ मध्ये टॉटनहॅमने युरोपा लीगच्या उपांत्य फेरीत बोडोला येऊन २-० जिंकलं. त्याच्या आधीच्या फेरीत बोडोने रोमच्याच लाझिओला घरी २-० हरवलं, रोमला जाऊन ज्यादा वेळेत ३-१ मागे पडले, आणि गवतावरच पेनल्टीत जिंकले. मैदान मदत करतं, पण सामना जिंकून देत नाही.

बिंदुचौक_१०

कोल्हापुरातनं बोलतोय. आमच्यात फुटबॉल म्हणजे काय, ते बाहेरच्याला सांगून कळत नाही. पाटाकडील आणि शिवाजी या दोन संघांची मॅच असली की शाहू स्टेडियमवर पाय ठेवायला जागा नसती. तिथं बसलेला आमचा माणूस गवत बघत नाही, आपल्या संघाची जर्सी बघतो.

पण सहावा नंबर म्हणतोय ते शंभर टक्के खरं. मी गोलकीपर. गवतावर आडवी डाइव्ह मारली तर चिखल लागतो, घरी गेल्यावर आई ओरडते, संपलं. प्लास्टिकवर एकदा एका बाहेरगावच्या स्पर्धेत खेळलो, दुपारची मॅच. कोपर आणि मांडी अशी भाजली की रात्री अंगावर चादर घेता येईना. वरनं त्यो काळा चुरा जखमेत. तवापासनं प्लास्टिक म्हटलं की आधी फुल पँट शोधतोय.

वाचनमात्र_विंगर

बिंदुचौक, फुल पँट घालून दुपारी खेळायचं? कोल्हापूरच्या मे महिन्यात? तुम्हाला दंडवत!

बिंदुचौक_१०

भावा, गोल वाचला पाहिजे. बाकी सगळं नंतर.

गुडघा_सल्ला

मी फिजिओथेरपिस्ट आहे, मुंबईत खेळाडूंवर उपचार करते. दुखापतींबद्दल सगळ्यांनाच ठाम मतं असतात, म्हणून अभ्यास काय सांगतात ते आधी लिहिते.

स्वीडनचे यान एकस्ट्रँड आणि सहकाऱ्यांनी युरोपातल्या व्यावसायिक संघांच्या दुखापती कृत्रिम आणि नैसर्गिक मैदानांवर मोजल्या. २००६ मध्ये आलेल्या त्यांच्या निबंधात एकूण दुखापतींच्या प्रमाणात मोठा फरक आढळला नाही. फरक होता तो प्रकारात: कृत्रिम मैदानावर घोटा मुरगळण्याचं प्रमाण जास्त. त्यानंतरच्या अभ्यासांचे निष्कर्षही एका दिशेला जात नाहीत. कुणी पावलाच्या आणि घोट्याच्या दुखापती जास्त दाखवतं, कुणी एकूण आकडा कमी. त्यामुळे ‘प्लास्टिकवर गुडघा जातोच’ असं मी कुणाही पेशंटला सांगत नाही.

माझ्याकडे येणाऱ्यांत मला दिसतं ते वेगळं. गवतावर पाय अडकला आणि शरीर वळलं, तर बऱ्याचदा मातीचा तुकडा सुटतो आणि पाय मोकळा होतो. कृत्रिम मैदानाचा तंतू तसा सुटत नाही, सगळा पीळ घोट्यावर आणि गुडघ्यावर येतो. म्हणून बूट महत्त्वाचे. गवतासाठीचे लांब स्टडचे बूट घालून कृत्रिम मैदानावर उतरू नका. त्यासाठी आखूड आणि जास्त स्टड असलेले बूट मिळतात, तेच घ्या. आणि एका पृष्ठभागावरून दुसऱ्यावर अचानक जाऊ नका. सोमवार ते शुक्रवार एकावर सराव, शनिवारी दुसऱ्यावर सामना, यात शरीराला जुळवून घ्यायला वेळच मिळत नाही.

सहावा नंबर, तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर: बंदीसाठी दुखापतींचं कारण देऊ नका, ते डळमळीत आहे. खेळाडूंना काय हवंय, हे कारण भक्कम आहे. व्यावसायिक खेळाडूंना विचारलं की बहुतेकांचा कौल गवतालाच असतो.

सिॲटलकर

गुडघा_सल्ला यांचा प्रतिसाद फार आवडला.

आमच्या सिॲटलच्या लुमेन फील्डवर साउंडर्स हा फुटबॉल क्लब कृत्रिम मैदानावर खेळतो, कारण स्टेडियम सीहॉक्स या अमेरिकन फुटबॉलच्या संघाबरोबर सामायिक आहे. अमेरिकन फुटबॉलचे धिप्पाड गडी नोव्हेंबरच्या पावसात ते मैदान तुडवतात. त्याखाली गवत टिकवणं अवघड, म्हणून प्लास्टिक. न्यू इंग्लंड, अटलांटा, शार्लट इथेही तेच गणित.

बेकहॅम २००७ मध्ये इकडे आला आणि लगेच या मैदानांवर जाहीर टीका केली. थिएरी ऑन्री न्यूयॉर्ककडून खेळताना असे सामने टाळायचा. मेस्सीने मात्र २०२३ मध्ये सांगितलं की लहानपणापासून कृत्रिम मैदानावर खेळलोय, मला अडचण नाही. पुढे सप्टेंबरात अटलांटाच्या सामन्याला तो आला नाही, तेव्हा ज्याने त्याने आपापला अर्थ काढला. पण ऑक्टोबरात शार्लटच्या प्लास्टिकवर तो खेळला.

आता खरी गोष्ट. २०२६ च्या विश्वचषकाच्या १६ मैदानांपैकी ८ एरवी कृत्रिम आहेत, आणि आमचं त्यातलंच एक. फिफाची अट नैसर्गिक गवताची. त्यासाठी टेनेसी आणि मिशिगन स्टेट या दोन विद्यापीठांतले गवताचे शास्त्रज्ञ कामाला लागले. छताखालच्या मैदानांत, जिथे ऊन जवळजवळ नाही, तिथे कोणतं गवत किती दिवस तग धरेल याचे प्रयोग झाले. मिशिगन स्टेटने १९९४ च्या विश्वचषकातही पाँटियाक सिल्व्हरडोमच्या छताखाली षटकोनी साच्यांत वाढवलेलं गवत जोडून मैदान तयार केलं होतं. म्हणजे पैसा आणि इच्छा असली की छताखालीही गवत येतं. महिनाभराच्या पाहुण्यांसाठी येतं, वर्षभर घाम गाळणाऱ्या स्थानिक क्लबांसाठी येत नाही, याचा मला मनापासून राग आहे.

तिची_बाजू

सिॲटलकर, शेवटच्या वाक्यासाठी टाळ्या. सहावा नंबर, २०१५ चा विषय काढल्याबद्दल आभार. तो तपशिलात लिहायला हवा.

ऑक्टोबर २०१४ मध्ये अमेरिकेची अ‍ॅबी वॉमबॅक आणि अनेक देशांच्या खेळाडूंनी ओंटारियोच्या मानवाधिकार न्यायाधिकरणात तक्रार केली: पुरुषांना गवत आणि आम्हाला प्लास्टिक, हा लिंगभेद आहे. त्याआधी तिचीच सहकारी सिडनी लरूने आपल्या रक्ताळलेल्या, सोललेल्या पायांचा फोटो जगाला दाखवला होता. आयोजक हलले नाहीत, स्पर्धा जवळ आली, आणि जानेवारी २०१५ मध्ये खेळाडूंनी तक्रार मागे घेतली. एडमंटनमध्ये उद्घाटनाच्या दिवशी मैदानाचा पृष्ठभाग ५० अंश सेल्सिअसच्या जवळ तापल्याच्या बातम्या होत्या. आणि त्याच प्लास्टिकवर अमेरिकेच्या कार्ली लॉइडने व्हँकुव्हरच्या अंतिम सामन्यात हॅटट्रिक केली, त्यातला एक गोल मैदानाच्या मध्यावरून!

तक्रार मागे घेतली तरी ती वाया गेली नाही, असं मी मानते. त्यानंतर २०१९ ला फ्रान्समध्ये आणि २०२३ ला ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये महिलांना गवत मिळालं. आपल्याकडे २०२२ चा महिला आशिया चषक नवी मुंबई, अंधेरी आणि बालेवाडीत झाला, तोही गवतावर. मी मुलींना शिकवते. त्यातल्या काही जणींनी तो टीव्हीवर बघितला आणि नंतर पहिला विषय निघाला तो मैदानाचा: ‘ताई, आपल्याला असं कधी मिळणार?’

म्हणून बंदीपेक्षा माझी मागणी साधी आहे. एका क्लबाच्या पुरुष आणि महिला संघांना एकच मैदान द्या. प्लास्टिक तर दोघांना प्लास्टिक, गवत तर दोघांना गवत.

माशेलचो_मिडफिल्डर

तिची_बाजू, अगदी मनातलं बोललात.

गोंयातून लिहितोय. आमच्याकडे दोन्ही आहे. फातोर्ड्याला गवत, म्हापशाच्या दुलेर स्टेडियमवर कृत्रिम. पावसात गोव्याचं मैदान बघितलंय का कुणी? जून-जुलैत गवताच्या मैदानावर चेंडू मारला तर तो पाण्यात बसून राहतो. लीगचे इतके सामने, वयोगटांचे सामने, शाळांचे सामने, हे सगळं एका गवताच्या मैदानावर घातलं तर गणेश चतुर्थीपर्यंत त्याची शेती होते. कृत्रिम मैदान नसतं तर आमच्या निम्म्या पोरांना पावसाळ्यात खेळायलाच मिळालं नसतं. मोठ्यांच्या मोठ्या सामन्यांना गवत द्या, हरकत नाही. पण प्लास्टिकला शिव्या देऊ नका रे.

कूपरेजचा_कठडा

माशेल, सहमत. मुंबईचंही तेच. आमच्या तरुणपणी कूपरेजवर रोव्हर्स कप बघायला गेलो की पावसाळी हंगामात मैदान पांढऱ्या रेषांपेक्षा चिखलानेच ओळखू यायचं. त्या चिखलात खेळणाऱ्यांची मजा वेगळीच होती, नाकारत नाही. पण आता तिथे कृत्रिम मैदान आहे आणि पाऊस थांबल्यावर थोड्या वेळात सामना सुरू होतो.

आणखी एक. आपल्या देशात प्लास्टिकने नुकसान केलं असं म्हणणाऱ्यांनी आय-लीग ही आपली राष्ट्रीय लीग आठवावी. बेंगळुरू एफसीने २०१३-१४ मध्ये पहिल्याच हंगामात विजेतेपद मिळवलं, तेव्हा त्यांचं घरचं मैदान कृत्रिम. २०१६-१७ ला ऐझॉल एफसीने देशाला चकित केलं, त्यांचंही कृत्रिम. शेवटचा निर्णायक १-१ सामना शिलाँगला, तिथेही कृत्रिम. आणि ऐझॉलचे प्रशिक्षक खालिद जमील हे त्याआधी आमच्या मुंबई एफसीचे! मिझोराम-मेघालयाच्या डोंगरात सपाट जागा कमी, पाऊस भरपूर. एकाच मैदानावर सगळ्या राज्याचं फुटबॉल चालवायचं तर दुसरं काय करणार?

जुनी_कात्रणं

पण कूपरेज, कोलकात्याच्या सॉल्ट लेकवर कृत्रिम मैदान टाकलं होतं आणि २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकाआधी ते काढून गवत लावलं. मोठी स्पर्धा आली की सगळे गवताकडेच वळतात. त्यातच उत्तर आलं.

रविवारची_पोरं

अवांतर: आम्ही पुण्यात दर रविवारी रात्रीचा स्लॉट घेतो. जाळीत बंदिस्त टर्फ, बाजूच्या टर्फवर बॉक्स क्रिकेट, त्यांचा चेंडू आमच्यात आणि आमचा त्यांच्यात. आमच्या मित्रांपैकी निम्म्यांनी खऱ्या गवतावर एकही मॅच खेळलेली नाही. आम्हाला कुणी गवत देणार असेल तर कळवा, आम्ही घरून पाणी घेऊन येऊ!

एका_मुलाची_आई

रविवारची_पोरं, तुमच्यासारख्याच टर्फवर माझा मुलगा आठवड्यातून चारदा जातो. घरी आला की बुटांतून, मोज्यांतून काळे दाणे सांडतात. ते जुन्या टायरचे असतात असं वाचलं आणि त्यातून कॅन्सर होतो असा फॉरवर्डही आला. खरं काय आहे? काळजी वाटते.

गुडघा_सल्ला

ताई, काळजी स्वाभाविक आहे. ते दाणे टायरच्या रबराचेच. अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संघाच्या एका प्रशिक्षिकेने कॅन्सर झालेल्या फुटबॉलपटूंची यादी केली होती, त्यात गोलकीपर बरेच होते. तिथूनच हा विषय पेटला. मग त्या राज्याच्या आरोग्य खात्याने तपास केला. २०१७ चा त्यांचा निष्कर्ष: या खेळाडूंत कॅन्सरचं प्रमाण अपेक्षेपेक्षा जास्त दिसत नाही. युरोपच्या रसायन संस्थेनेही त्याच वर्षी धोका अत्यल्प असल्याचं म्हटलं. त्यामुळे मुलाचा खेळ बंद करू नका. खेळून आल्यावर आंघोळ, खरचटलेली जागा साबणाने स्वच्छ, आणि दाणे तोंडात जाऊ न देणं, एवढं पाळा.

युरोपियन संघाने २०२३ मध्ये वेगळ्या कारणासाठी नियम केला. हे दाणे पावसाच्या पाण्याबरोबर नाल्यात, नदीत जातात आणि ते सूक्ष्म प्लास्टिकच आहे. आठ वर्षांची मुदत देऊन २०३१ पासून त्यांची विक्री तिथे थांबेल.

माशेलचो_मिडफिल्डर

मग त्या जागी काय घालणार?

मैदानवाली

माशेल, बुचाचे दाणे आणि नारळाचा काथ्या हे पर्याय वापरात आहेत. काथ्याचा फायदा म्हणजे तो ओलावा धरतो आणि मैदान कमी तापतं. तोटा म्हणजे तो झिजतो, पुन्हा पुन्हा भरावा लागतो.

मी शेतकी पदवीधर, खेळाच्या मैदानांच्या गवताचं काम करते. धागा पहिल्यापासून वाचला. इथे सगळे गवत विरुद्ध प्लास्टिक असं बोलताहेत. माझ्या कामात मला दिसणारा वाद निराळा आहे: निगा राखलेलं मैदान आणि न राखलेलं मैदान.

आपल्याकडच्या बहुतेक चांगल्या मैदानांवर जे गवत असतं, ते आपल्या हरळीच्या कुळातलं, बर्म्युडा म्हणून विकलं जाणारं. गणपतीला दूर्वा वाहतो तीच जात, तिचे बारीक पानांचे संकरित वाण. शेतकरी जिला उपटून उपटून थकतो ती मैदानावर मरते, याचं आश्चर्य वाटेल. कारणं दोन. पहिलं सावली. हरळीला ऊन भरपूर लागतं. स्टेडियमचं छत जितकं मोठं, तितकं गवत अशक्त. युरोपात म्हणूनच रात्रभर दिव्यांच्या गाड्या मैदानावर फिरवतात, आणि माद्रिदच्या बर्नाबेऊत तर मैदानाच्या सहा लांब पट्ट्या करून ते जमिनीखालच्या कोठारात उतरवतात, तिथे उजेड-पाणी देतात.

दुसरं कारण खालची जमीन. आपली काळी माती पाण्याने फुगते, उन्हाने भेगाळते, आणि तुडवली की दगडासारखी घट्ट बसते. मुळांना हवा मिळत नाही. व्यावसायिक मैदानाखाली वाळूप्रधान थर असतो, त्याखाली खडी, त्याखाली पाणी वाहून नेणारे पाइप. माशेल म्हणतात ते चेंडू पाण्यात बसणं हा गवताचा दोष नाही, निचऱ्याचा आहे. वर कितीही महाग गवत आणा, खाली निचरा नसेल तर पहिल्या पावसाळ्यात पैसे गेले. त्यात मैदानावर सभा, प्रदर्शनं आणि लग्नं होतात. मांडवाचे खांब रोवले आणि ट्रक फिरले की दोन वर्षांची मेहनत एका रात्रीत संपते. हे मी डोळ्यांनी पाहिलंय आणि त्याचं दुःख अजून आहे.

आणि तिसरा पर्याय इथे कुणीच काढला नाही: संकरित मैदान. खरं गवत, पण त्यात सुईसारख्या यंत्राने सुमारे २० सेंटिमीटर लांबीचे कृत्रिम तंतू टोचतात. दोनेक सेंटिमीटर वर, बाकी जमिनीत. मुळं त्यांना वेटोळे घालतात आणि ढेपा निघत नाहीत. पृष्ठभागावर कृत्रिम भाग जेमतेम तीन ते पाच टक्के. प्रीमियर लीगमध्ये आज हेच तंत्र सगळीकडे दिसतं, आणि २०१० च्या विश्वचषकात दक्षिण आफ्रिकेतल्या पोलोक्वाने आणि म्बोम्बेलात असंच मैदान होतं.

पण लक्षात घ्या, संकरित मैदानालाही रोज माणूस लागतो. कृत्रिमलासुद्धा लागतो! ब्रश मारणं, दाणे सारखे करणं, खाली घट्ट बसलेला थर मोकळा करणं. ‘एकदा टाकलं की बघायला नको’ म्हणून प्लास्टिक घेणाऱ्यांची मैदानं काही वर्षांत चटईसारखी सपाट होतात, आणि मग बिंदुचौक यांच्यासारख्यांची मांडी भाजते.

फ्योर्डकाठी

मैदानवाली, हा प्रतिसाद वेगळ्या लेखाच्या योग्यतेचा आहे. फक्त एक जोडतो: संकरित मैदानालाही शेवटी ऊन लागतं. बोडोचा प्रश्न त्याने सुटत नाही.

मैदानवाली

बरोबर. बोडोला मी प्लास्टिकच सुचवीन, आणि चांगल्यातलं चांगलं. फिफाच्या वरच्या दर्जाच्या चाचणीत चेंडू दोन मीटरवरून सोडतात आणि टप्पा ६० ते ८५ सेंटिमीटरमध्येच हवा असतो. चेंडू किती लांब घरंगळतो, धक्का किती शोषला जातो, बूट फिरवायला किती जोर लागतो, सगळं मोजतात. १९८१ च्या लॉफ्टस रोडशी आजच्या मैदानांची तुलना करणं अन्याय होईल.

जुनी_कात्रणं

हे मान्य. तरी युएफा ही युरोपची फुटबॉल संघटना चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना गवतावरच घेते. २००८ ला मॉस्कोच्या लुझनिकीत खास त्या सामन्यासाठी कृत्रिम मैदानावर गवत आणून बसवलं होतं. आदल्या वर्षी त्याच स्टेडियममध्ये प्लास्टिकवर इंग्लंड रशियाकडून २-१ हरलं होतं.

सिॲटलकर

आणून बसवलेल्या गवताचंही सगळं आलबेल नसतं. २०२४ च्या कोपा अमेरिकाचा पहिला सामना, अर्जेंटिना-कॅनडा, अटलांटात झाला. कृत्रिमवर काही दिवस आधी गवताच्या लाद्या टाकल्या होत्या. जिंकूनही अर्जेंटिनाचा गोलकीपर एमिलियानो मार्टिनेझ मैदानावर भडकला होता. घाईत अंथरलेल्या गवतापेक्षा नीट राखलेलं प्लास्टिक बरं, असं म्हणायची वेळ येते.

तिची_बाजू

आणि ते बरं-वाईट ठरवताना खेळाडूंना विचारा, एवढंच माझं म्हणणं.

सहावा_नंबर

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले. माझी मूळ भूमिका सोडत नाही, पण तिला आता अटी लावतो. सर्वोच्च लीगमध्ये गवत किंवा संकरित हाच नियम असावा, जिथे ऊन आणि हवामान साथ देतं तिथे. नेदरलँड्सला ते परवडतं, स्कॉटलंडलाही जमेल. नॉर्वेला त्यातून सूट. बढती मिळालेल्या छोट्या क्लबाला मैदान बदलायला लीगने पैसा आणि वेळ दोन्ही द्यावं, सटनसारखं एका उन्हाळ्यात उखडायला लावू नये. सरावासाठी आणि मुलांसाठी कृत्रिम मैदानं जितकी वाढतील तितकी चांगली. आणि तिची_बाजू यांची अट सगळ्यात वर: एका क्लबाचं मैदान दोन्ही संघांना सारखं.

फ्योर्डकाठी

या रूपात मलाही मान्य.

जुनी_कात्रणं

मला नाही. सूट दिली की पुढच्या हंगामात प्रत्येक क्लब आपल्याकडे ऊन कमी असल्याचं सिद्ध करत बसेल. नियम एकच हवा.

बिंदुचौक_१०

तुमचं युरोपचं तुम्ही बघून घ्या. मैदानवाली ताई, आमच्या तालमीची पोरं ज्या मोकळ्या जागेवर सराव करतात, तिथं गोलपुढं नुसती माती आहे. बाकी बऱ्यापैकी हरळी. खर्च फार नाही झेपणार. काय करावं?

मैदानवाली

बिंदुचौक, सरावासाठी आधी हलवता येणारे गोलपोस्ट करून घ्या, लोखंडी पाइपचे. दर पंधरवड्याला जागा बदला, म्हणजे एकाच ठिकाणी तुडवण होणार नाही. उघड्या पडलेल्या भागात मेच्या शेवटी काट्याने भोकं पाडा, हातभर अंतरावर नको, चार बोटांवर. त्यात नदीची धुतलेली वाळू आणि चाळलेलं शेणखत भरा. पहिला चांगला पाऊस झाला की कडेची हरळी खोदून तिच्या गाठी असलेल्या काड्या तिथे टोचा, बियाणं विकत घ्यायची गरज नाही. त्यानंतर दीड-दोन महिने त्या पट्ट्यावर कुणालाही खेळू देऊ नका, दोरी बांधा. ऑगस्टात पहिली कापणी, फार खाली नको. तुमचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो, तोवर पकड येईल.

बिंदुचौक_१०

दोरी बांधली तर पोरं त्याचंच नेट करून व्हॉलीबॉल खेळतील. पण मी स्वतः राखण करतो. वाळू किती लागेल ते सांगा, गोलपुढचा पट्टा साधारण अठरा बाय सहा मीटर आहे.

मैदानवाली

भोकं भरून वर बोटभर थर द्यायचा तर दोन ते अडीच घनमीटर धरा. एकदम सगळी टाकू नका, दोन हप्त्यांत टाका. पट्ट्याचा फोटो आणि पाणी कुठे साचतं ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, उताराचं बघून सांगते.